माठाखालची वाळू

डॉक्टर एकनाथ मोहोळकर १९३८ च्या फाल्गुनात गेले. तेरावा उरकल्यावर सोलापुरात त्यांच्या दोन शोकसभा झाल्या, एक विजापूर वेशीबाहेर त्यांच्या स्वतःच्या निसर्गोपचार आश्रमात आणि दुसरी गिरणीच्या चाळींत. दोन्हीकडे वक्त्यांनी एकच गोष्ट घोळून घोळून सांगितली, की या माणसानं औषधाचा थेंब न घेता मधुमेह जिंकला. लोकांनी माना डोलावल्या. बोलणाऱ्याचं काय जातं हो! डॉक्टरांची बायको गोदावरी कोपऱ्यात बायकांमध्ये बसली होती. तिनं मान डोलावली नाही, पण ‘नाही’ असंही म्हटलं नाही. घरी आल्यावर तिनं स्वयंपाकघरातला माठ उचलून बाजूला ठेवला, त्याच्या खालची ओली वाळू घमेल्यात भरली आणि परसात नेऊन ओतली. आठ वर्षं ती वाळू तिनं एक दिवसही सुकू दिली नव्हती.

डॉक्टर मूळचे मोहोळचे. मुंबईला शिकले, पदवी घेतली आणि सोलापुरात एका गिरणीच्या दवाखान्यात लागले. त्या वेळी त्यांच्याइतका राबणारा डॉक्टर गावात नव्हता, हे त्यांच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. सकाळचा भोंगा व्हायच्या आत दवाखान्यापुढं रांग लागायची. मराठी, तेलुगू, कानडी, दखनी, ज्याला जी भाषा येईल तिच्यात तो कण्हायचा आणि डॉक्टर सगळ्यांना समजून घ्यायचे. लोक आपापली बाटली घरून धुऊन आणायचे. रावजी नावाचा कंपाउंडर ती भरायचा, कागदाची पट्टी दुमडून तिला कात्रीनं दात पाडायचा आणि ती बाटलीच्या अंगाला उभी चिकटवायचा. एक दात म्हणजे एक वेळचं औषध. चोळायच्या तेलाच्या बाटलीला पट्टी नसायची. लिहिता-वाचता येणारी माणसं त्या रांगेत किती असणार? म्हणून रावजी प्रत्येकाला ओरडून सांगायचा, “दाताची बाटली प्यायाची, बिनदाताची चोळायाची! ध्येनात ऱ्हातंय न्हवं?”

ऱ्हायचं. सगळ्या चाळींना ते पाठ झालं होतं.

१९२४ ची संक्रांत. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली होती आणि रावजी नंदीध्वजाच्या मिरवणुकीमागं गेला होता. त्या दिवशी बाटल्या डॉक्टरांनी स्वतः भरल्या. सूतखात्यातली सारजाबाई दोन बाटल्या घेऊन आली होती, एक खोकल्यासाठी आणि एक गुडघ्यासाठी. गुडघ्याच्या तेलात बचनाग होता, बाहेरून चोळला तर औषध, पोटात गेला तर विष. मागं रांग खोळंबलेली, कुणाचं तरी पोर रडत होतं, आणि डॉक्टरांनी दाताची पट्टी उचलून चिकटवली ती बचनागाच्या बाटलीला.

सारजाबाईनं एक दात संपवला. शिकवल्याप्रमाणे, अगदी नेमका. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिच्या नवऱ्यानं डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, “तुमी लई केलं साहेब, तिचं आयुक्षच तेवढं हुतं.” डॉक्टरांनी ती बाटली कोनाड्यातून उचलली, खिशात घातली आणि घरी येऊन गोदावरीपुढं ठेवली. पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, “ही मी लावली.” एवढं एकदाच. पुन्हा त्या विषयाचं अक्षर त्यांनी काढलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला तर कधीच सांगितलं नाही.

एखादा माणूस अशा वेळी म्हणाला असता, चूक माझी झाली, इथून पुढं पट्टी दोनदा बघीन. डॉक्टरांना ते झेपलं नाही. वर्षभर ते नीट जेवले नाहीत, बाटलीला हात लावेनात. मग कुणीतरी त्यांना पाण्याच्या उपचारांचं पुस्तक दिलं आणि त्यांना बुडत्याला सापडावा तसा काठ सापडला. चूक माणसाची नव्हतीच, चूक औषधाची! औषध म्हणजे विषच, आज ना उद्या मारणारच! त्यांनी गिरणीची नोकरी सोडली, विजापूर वेशीबाहेर जागा घेतली आणि आश्रम उभा केला, त्याच्याच मागच्या अंगाला राहायला घर. गोदावरी मनात म्हणाली, गुन्हा यांचा आणि फाशी बाटलीला. पण नवरा पुन्हा दोन घास जेवायला लागला होता. मग तीही आश्रमाचे टब घासायला लागली.

आणि खोटं कशाला बोला, आश्रमात माणसं बरी व्हायची. काळ्या मातीचे लेप, थंड पाण्याचे टब, सकाळचं ऊन, कोंड्याची भाकरी, उपास. कापसाच्या धुळीत आणि तेलकट हवेत बारा बारा तास उभी राहिलेली माणसं पंधरा दिवस झाडाखाली निजली, वेळेवर जेवली, की त्यांची निम्मी दुखणी आपसूकच पळायची. रावजी आता मातीच्या पाट्या वाहायचा आणि म्हणायचा, “ही माती तरी चुकीच्या जागी चिकटत न्हाय, साहेब.” त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर तेवढ्यापुरते गोरेमोरे व्हायचे.

१९२८ साली डॉक्टरांनाच मधुमेह निघाला. सारखी तहान, सारखं परसात जाणं, लघवीला मुंग्या. त्यांनी उपास केले, भात सोडला, रोज देगावपर्यंत पायी जाऊन यायला लागले. आणि काय सांगायचं, मुंग्या गेल्या! पुढच्या वर्षी भर सभेत उभं राहून त्यांनी सांगितलं, “मी माझा मधुमेह निसर्गाच्या हातून बरा करून घेतला आहे.” त्या दिवशी ते खरंच बोलत होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रात छापून आलं, लांबलांबून मधुमेही यायला लागले.

१९३० साली, मार्शल लॉच्या उन्हाळ्यात, दुखणं परत आलं. पायाला खडा लागल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली, अंगावरचं मांस झडलं. आता काय करणार? हजार माणसांपुढं बरं झालेलं दुखणं परत आलं म्हणून सांगायचं कसं? गोदावरीचा भाऊ चिंतामणी होटगी स्टेशनावर पार्सल क्लार्क होता. त्यानं मुंबईहून इन्शुलिन मागवलं आणि तुपाच्या डब्यात लपवून पाठवलं. रबरी बुचाच्या इवल्याशा कुप्या होत्या, त्या थंड जागी ठेवायच्या. सोलापूरच्या उन्हात थंड जागा कुठली? गोदावरीनं माठाखालच्या ओल्या वाळूत पुरल्या.

तेव्हापासून रोज पहाट झाली की ती शेगडीवर सुई उकळायची. डॉक्टर भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, मांडीवरचं धोतर बाजूला करायचे, आणि ती टोचायची. ते सुईकडं बघायचे नाहीत. इन्शुलिन हा शब्द त्या घरात उच्चारला जायचा नाही. “सकाळचं झालं का?” असं ते विचारायचे, आणि मग आश्रमात जाऊन औषधांविरुद्ध तासभर बोलायचे.

गोदावरीला राग यायचा का? यायचा की! पण ती स्वतःची समजूत घालायची, आपल्या माणसाचा जीव वाचतोय, कुणाचं काय वाईट होतंय?

ते कळायला दोन वर्षं लागली.

१९३२ च्या भाद्रपदात मथुराबाई आपल्या मुलाला घेऊन आश्रमात आली. मथुराबाई विधवा, दत्ताच्या देवळात नैवेद्याचा स्वयंपाक करायची. मुलगा यज्ञेश्वर तेवीस वर्षांचा, शाळेत ड्रॉइंग मास्तर, अंगानं काटकुळा आणि बोलायला गोड. त्याला तीन वर्षांपासून मधुमेह होता. पुण्याच्या एका डॉक्टरानं त्याला इन्शुलिनवर जगवलं होतं, रोज दोन वेळा. टोचायची आईच, कारण सुई बघितली की त्याला घेरी यायची. आणि आता त्याचं लग्न ठरत होतं. सुई टोचून घेणाऱ्या मुलाला मुलगी कोण देणार?

“डॉक्टर, तुमचं गेलं तसं माझं जाईल का?” यज्ञेश्वरनं सरळ विचारलं.

डॉक्टरांनी त्याची नाडी बघितली. ते अडाणी नव्हते. पन्नाशीच्या सुखवस्तू माणसाचा मधुमेह वेगळा आणि या काटकुळ्या पोराचा वेगळा, सुई सुटली तर हे पोर आठवडा काढणार नाही, एवढं ज्ञान त्यांच्याजवळ होतं. पण ओसरीवर वीसपंचवीस माणसं बसली होती आणि सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

“श्रद्धा असली तर जाईल,” डॉक्टर म्हणाले.

मथुराबाई मात्र आई होती. ती उठली, पाणी प्यायचं निमित्त करून मागं स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. गोदावरी माठातून तांब्या भरत होती.

“वहिनी,” मथुराबाई हळूच म्हणाली, “पुरुष चारचौघांत काही बोलतात. तुम्ही बायको आहात, तुमच्यापासून काही लपत नाही. देवाच्या घरचं काम करते मी, मला खरं सांगा. डॉक्टरांचं अगदी गेलंय? सुईबिई काही लागत नाही ना? तुम्ही हो म्हणालात तर मी सोडवते. नाही म्हणालात तर आत्ता याला घेऊन घरी जाते, कुणाला काही बोलणार नाही.”

गोदावरीच्या पायाच्या अंगठ्याशी ती वाळू होती. अंगठ्यानं जरा उकरली असती तरी कुपीचं बूच दिसलं असतं. बोलायचं तर दोनच शब्द होते. पण त्या दोन शब्दांनी बाहेरची ओसरी रिकामी झाली असती, आणि नवऱ्यानं पुन्हा जेवण टाकलं असतं, सारजाबाईच्या वेळी टाकलं होतं तसं. तिनं तांब्या पुढं केला.

“गेलंय,” ती म्हणाली. “पाणी घ्या.”

मथुराबाई पाणी प्यायली, गोदावरीच्या दंडाला प्रेमानं हात लावून हसत बाहेर गेली.

यज्ञेश्वरची सुई त्याच दिवशी सुटली. पहिले दोन दिवस तो खुशीत होता, ओसरीवर बसून त्यानं आश्रमाच्या कडुनिंबाचं चित्र काढलं आणि रावजीला दिलं. तिसऱ्या दिवशी त्याला पाणी पुरेना. घागर संपवली तरी जीभ कोरडी. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. मथुराबाई घाबरून म्हणाली, “कुप्या घरी माठाखाली ठेवल्यात, पळत जाऊन आणते, टोचू का?”

“रोग बाहेर पडतोय,” डॉक्टर म्हणाले. “आता टोचलंत तर केलेलं सगळं मातीत जाईल.”

तिनं ऐकलं. का ऐकणार नाही? डॉक्टर स्वतः यातून गेलेले, आणि त्यांच्या बायकोनं तोंडानं सांगितलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी रावजी स्वयंपाकघराच्या दाराशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. “बाई, त्या मास्तराचा श्वास बगा की येऊन. लोहाराच्या भात्यावानी चाललाय. आन् तोंडाला नासक्या फळाचा वास येतोय. मी दवाखान्यात दोन मानसं अशी बगितल्यात. दोनी गेली.”

गोदावरीच्या हातातलं लाटणं खाली पडलं. तिनं माठ सरकवला, वाळूतून कुपी काढली, उकळलेली सुई फडक्यात गुंडाळली आणि निघाली. दारातच डॉक्टर उभे होते. ते मास्तराच्या खोलीतूनच आले होते, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं.

“कुठं निघालीस?”

“तुमचं सकाळचं त्याला द्यायला. सरा बाजूला.”

“ही कुठून आली म्हणून विचारलं तर काय सांगशील?”

“सांगीन काहीही! घरात होती म्हणेन, कुणी ठेवली होती म्हणेन. अहो, पोर मरतंय तिकडं!”

डॉक्टर बाजूला झाले नाहीत. आवाज न चढवता, रोग्याला सांगावं तसं म्हणाले, “चिंतामणीचा डबा परवाच्या आत येत नाही. त्या कुपीत माझ्या दोनच सकाळी आहेत. त्याला द्यायचं तर ते सगळं एका वेळी जाईल. दे मग. तुझं कुंकू आहे, तूच ठरव.”

दोन दिवस सुई चुकली म्हणून काही डॉक्टर मरणार नव्हते. पाय दुखला असता, चक्कर आली असती, त्यापलीकडं काही नाही. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. गोदावरीला ठाऊक नव्हतं. तिला आजवर एवढंच शिकवलं होतं, की एक सकाळ चुकली तर संपलं.

ती उंबऱ्यात उभी राहिली. पलीकडच्या खोलीतून तो श्वास ऐकू येत होता. तिनं कुपीकडं बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मग मागं वळली, गुडघ्यावर बसली आणि कुपी होती तिथं वाळूत परत पुरली. वरून ओंजळभर पाणी शिंपडलं. माठ जागेवर ठेवला.

यज्ञेश्वर दुपारी गेला. मथुराबाईनं टाहो फोडला नाही, ती नुसती त्याचे पाय दाबत बसली. डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं, की सुईचं विष तीन वर्षं अंगात मुरलं होतं, जरा आधी आला असता तर वाचला असता. लोकांनी हळहळून माना डोलावल्या. मथुराबाईनंही. आपणच उशीर केला म्हणून तिनं स्वतःचं कपाळ बडवून घेतलं, आणि गोदावरीनं तिचे हात धरले. कुठल्या तोंडानं धरले, ते तिचं तिलाच ठाऊक.

रावजी त्या संध्याकाळी मातीची पाटी विहिरीशी ठेवून केमला आपल्या गावी निघून गेला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही आणि परतही आला नाही. जाताना कडुनिंबाचं चित्र तेवढं त्यानं बरोबर नेलं.

चिंतामणीचा डबा आला आणि एक महिना निभला. दिवाळीच्या तोंडावर पुढचा डबा लांबला. कुठं तरी रूळ वाहून गेले होते, पार्सलं अडकली होती. गोदावरी रोज सकाळी वाळू चाचपून बघायची. शेवटच्या कुपीतलं शेवटचं टोचून झालं, त्याच दिवशी मथुराबाई मागच्या दारानं आली. हातात पितळेचा डबा होता, वर ओलं फडकं गुंडाळलेलं.

“टाकून द्यायला हात होईना, वहिनी,” ती म्हणाली. “पोराच्या वाट्याच्या आहेत. मी रोज वाळू भिजवून जपल्या, कशाला जपल्या कोण जाणे. तुमच्याकडं कुणी सुई न सुटलेलं आलं, तर त्याला द्या. डॉक्टर सोडवतीलच, पण तोवर त्याच्या आईच्या जिवाला धीर.”

गोदावरीनं डबा घेतला. मथुराबाईला बसवून घेतलं, तिच्या ओंजळीत गूळशेंगा घातल्या, आणि सांगायला तोंड उघडलं. अगदी उघडलं. मथुराबाई वाट बघत राहिली.

“जेवून जा,” गोदावरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं शेगडी पेटवली, सुई उकळली आणि डब्यातली एक कुपी काढली. कुपीच्या अंगाला कागदाची बारीक पट्टी उभी चिकटवलेली होती, तिला ओळीनं दात पाडलेले. ड्रॉइंग मास्तराचा हात, एकूण एक दात सारखा. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यानं प्रत्येक कुपीला तशी पट्टी लावून ठेवली होती. एक दात संपला की एक वेळ झाली.

डॉक्टर भिंतीकडं तोंड करून उभे होते. आज सुईला उशीर झाला म्हणून ते वळले आणि त्यांनी तिच्या हातातली कुपी बघितली. पट्टी बघितली. आठ वर्षांनी दाताची पट्टी त्या दोघांपुढं आली होती. ती कुणाची, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांचे ओठ हलले, हात भिंतीवर टेकले. गोदावरीला वाटलं, आता हा माणूस बोलेल. सारजाबाईपासून सगळं बोलेल, बाहेर ओसरीवर जाऊन बोलेल, मग काय व्हायचं ते होऊ दे. ती सुई हातात धरून थांबली. अशी ती आयुष्यात कशासाठी थांबली नव्हती.

डॉक्टरांनी मान पुन्हा भिंतीकडं वळवली आणि मांडीवरचं धोतर बाजूला केलं.

“किती दात आहेत?” त्यांनी विचारलं.

तिनं मोजले. “हिला नऊ. डब्यात अजून दोन कुप्या आहेत.”

“पुरतील की मग,” डॉक्टर म्हणाले, “डबा येईपर्यंत.”